धुऱ्यावरचं ताक

तुमच्या गावात जिवंत बाईचं नाव कोरलेली एखादी पाटी आहे का? सरपंचबाईंची पाटी सांगू नका. तिच्याखालचा मोबाइल नंबर कुणाचा आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. एसटी थांब्यावरचे सिमेंटचे बाकही सांगू नका. ‘कै. सौ. अमुकबाई यांच्या स्मरणार्थ’ हे मी लहानपणापासून वाचत आले आहे. बाकावर नाव यायचं तर बाईला आधी मरावं लागतं, आणि मागे बाक देण्याइतकी ऐपत असलेला मुलगा ठेवावा लागतो. ज्यांना मुलगे नव्हते, ज्यांच्या मुलांकडे बाकापुरतं सिमेंट नव्हतं, त्या बाया गावात कधी होत्या की नव्हत्या?

मिरचीचा हंगाम आला की हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्याने फिरायला लागतो. भोकरदनच्या चौकातून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराकडे भरलेले पिकअप जायला लागतात आणि आमच्या दारात तो वास येतो. लाल मिरचीचा ठसका सगळ्यांच्या ओळखीचा असतो, हिरव्या मिरचीचा वास वेगळा. ओला, कच्चा, नुकत्या मोडलेल्या शेंगेसारखा, आणि मागून हळूच टोचणारा. आभाळ भरलेलं असतं, पाऊस दडी मारून बसलेला असतो, मानेवर घाम चिकटलेला असतो आणि वर हा वास. संभाजीनगरहून येताना मी बसची खिडकी उघडीच ठेवते. वास आला की समजतं, आपला तालुका आला. गावच्या वासाने लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. मला राग येतो.

आई भोकरदनला शिवणकाम करायची, अजूनही करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही. बाया ब्लाउज टाकायला यायच्या आणि बोलत बसायच्या. कुणाला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, कुणाच्या वाट्याची विहीर भावांनी बुजवलेली. त्या बोलण्यातून आईची संघटना झाली आणि संघटनेतून पत्रकं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, हाताला शाई लागणारी. अंकलिपीतला अननस मी फार उशिरा खाल्ला, पण ‘अन्याय’ हा शब्द मला पहिलीतच न अडखळता वाचता येत होता. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी म्हणजे माझ्या रफ वह्या. त्यातूनही उरली तर आई ती चिकटवून ब्लाउजच्या मापाचे कागद कापायची. कुणातरी काकूंच्या पाठीच्या मापावर ‘चलो तहसील’ उलटं पडलेलं असायचं. आई त्यावर खडू ओढायची.

मिरची मी आयुष्यात एकच दिवस तोडली आहे. तिसरीत असताना, हट्टाने, कासामावशीच्या टोळीबरोबर. कासाबाई म्हणजे भोकरदनच्या पलीकडच्या एका गावातली मिरची तोडणारी बाई. टोळीत मुकादम दुसराच असायचा, पुरुष. पण वाटेवर सगळ्यात पुढे कासामावशी चालायची आणि कुणाच्या शेतात जायचं, कुणाच्या नाही, हे तिच्या चालण्यावरून ठरायचं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी बांधलेली. वाकायचं, झाडाच्या पोटात हात घालायचा आणि मिरची देठासकट खुडायची. देठ राहिला नाही तर माल नासतो. हातमोजे घातले तर बोटाला देठ कळत नाही, म्हणून हात उघडे. दुपारपर्यंत नखांच्या कडा चुरचुरायला लागतात. उन्हं कलली की सगळा तळहात पेटतो. पाण्याने ती आग विझत नाही, पसरते. त्या संध्याकाळी मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईने माझे हात ताकाच्या पातेल्यात बुडवून धरले. हळूहळू उतरलं. कासामावशी दारात उभी राहून बघत होती. हसत म्हणाली, “बघ पोरी, तुझ्या घरी ताक हाय. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी ढोरच न्हाई.”

त्याच हंगामात शमीमखालाच्या लेकराचं झालं. खाला त्याच टोळीत होती. बाळंत होऊन काही महिनेच झालेले. लेकरू बाभळीखाली झोळीत ठेवून ती सरीला लागली होती. ते रडायला लागलं, हिला पान्हा फुटला, पळत गेली, उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशी हाताने हाकलली. हाताने. त्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या डोळ्यांच्या सुजून फटी झालेल्या. खाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मेरेच हात ने जलाया ताई, मेरेच हात ने.”

कासामावशी फटकन म्हणाली, “तुझ्या हातानं न्हाई. आबारावच्या मिरचीनं.”

आबाराव म्हणजे त्या शेताचे मालक, गावातले मोठे बागायतदार. लेकरू किंचाळायला लागलं तेव्हा बाया त्यांच्या गोठ्याकडे ताक मागायला पळाल्या होत्या. गोठ्यातला गडी म्हणाला, “ताक गड्यांच्या न्याहारीचं हाय. तुमच्या हाताला लावायला काय हळद लागून राह्यली का तुमची?” लेकराचे डोळे पुढे बरे झाले. गड्याचं ते वाक्य मात्र बायांच्या डोक्यातून गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी टोळी शेतात उतरलीच नाही. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रांगेने बसल्या. तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, जणू मेंदी वाळवायला बसल्यात. आबाराव मोटरसायकलवर आले. पुढचं बोलणं मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की मला ते पाठ आहे.

“काय पाहिजे कासाबाई?”

“ताक.”

“प्यायला?”

“हाताला. रोज, धुऱ्यावर, मडकं भरून. अन् लेकरवाल्या बायांना मधी सुट्टी, हात धुऊन पाजायला.”

आबाराव हसले. “आता तुमच्या हातांसाठी म्हशी बांधू का मी?”

“बांधा की. म्हशीनं मिरची तोडून दिली तर आम्ही घरी बसून राहू.”

हिरवी मिरची थांबत नाही. वेळेवर तोडली नाही तर झाडावरच लाल पडते आणि हिरव्या मालाचा बाजार हुकतो. रोज थोडं थोडं शेत लाल होत गेलं. आई मला घेऊन पत्रकं वाटायला तिकडे गेली होती. एवढं देखणं शेत मी आजवर पाहिलेलं नाही. हिरव्यात लाल ठिणग्या, वर काळं आभाळ, आणि कडेला बसलेल्या बाया. मी म्हणाले, “आई, किती छान!” आई म्हणाली, “छान आहे, म्हणून तर मालक चिडलाय.” सौंदर्यशास्त्राचा मला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा धडा.

मालकाने टेम्पो भरून दुसऱ्या गावची टोळी आणली. कासामावशीच्या बायांनी दगड उचलले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. टेम्पोपुढे उभ्या राहिल्या आणि हात दाखवले. टेम्पोतल्या बायांनी ते हात बघितले, मग आपापले बघितले. त्यातली एक म्हणाली, “ड्रायव्हरदादा, गाडी वळवा.” तिचं नाव कुणालाच माहीत नाही. मी खूप विचारलं.

पत्रक आमच्याच घरात लिहिलं गेलं. पहिलं वाक्य शमीमखालाच्या बोलण्यातून आलं होतं : ‘आमचा हात तुमच्या मिरचीला चालतो, आमच्या लेकराला चालत नाही.’ सगळं झालं आणि आईने विचारलं, “खाली नावं कुणाची टाकायची?” मशीन थांबलेलं होतं. शेवटी कासामावशी बोलली.

“नाव नका टाकू ताई. संप आज ना उद्या मिटंल. मंग मला कामावर कोन बोलावंल? आपल्या बायांना वाचता येत न्हाई, पन मालक लोक बराबर वाचत्यात.”

म्हणून खाली छापलं : ‘आपल्या, मिरची तोडणाऱ्या समस्त बाया.’ आमच्या घरातल्या बहुतेक पत्रकांच्या तळाशी असंच काहीतरी असायचं. समस्त महिला, पीडित भगिनी, गावातील आया-बहिणी. ज्यांनी केलं त्यांची नावं नाहीत, कारण नाव म्हणजे उद्याचं काम जाणं, नाव म्हणजे नवऱ्याचा मार. नाव झाकणं हे आमच्याकडे बाईला वाचवण्याचं काम होतं, आणि आईने ते चोख केलं. त्याबद्दल तिला आजही पश्चात्ताप नाही. मी तिच्याशी यावर भांडते. ती म्हणते, “तुला इतिहास पाहिजे होता, त्यांना दुसऱ्या दिवशीची भाकरी.” मग मी आणखी चिडते.

मग एका सकाळी आबारावांच्या धुऱ्यावर मडकं दिसलं. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. कासामावशीने फडकं सोडलं, आत हात बुडवला, वर काढला, आणि ताक टपकणाऱ्या हातानेच खालाला खुणावलं. खाला हात धुऊन लेकराकडे गेली. बाकीच्या बाया शेतात उतरल्या. त्या हंगामाअखेर आसपासच्या सगळ्या शेतांवर मडकी आली. मिरवणूक निघाली नाही, गुलाल उडाला नाही. मालकाची मान खाली जाऊ नये म्हणून बायाही विजय गिळून गप्प बसल्या. मालकांची मान सांभाळायची सवय आमच्या बायांना किती खोलवर आहे!

गेल्या वर्षी त्या गावाच्या थांब्यावर ग्रामपंचायतीने एक चौथरा बांधायला घेतला. त्यावर सिमेंटचं मोठं मडकं, पांढरा रंग दिलेलं. खाली काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं येणार होती : मिरची तोडणाऱ्या भगिनींसाठी धुऱ्यावर ताक ठेवण्याची थोर परंपरा सुरू करणारे दानशूर कै. आबाराव. आईला हे कळलं तेव्हा ती ते जुनं पत्रक घेऊन गावात गेली. मी बरोबर होते. सरपंचबाई घरात होत्या. त्यांचे यजमान ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, म्हणून आम्हाला त्यांच्याशीच बोलावं लागलं. त्यांनी पत्रक उलटसुलट बघितलं.

“ताई, बसा, चहा घ्या. पण यात नाव कुठाय? समस्त बाया म्हंजे कोन? उद्या मी पन छापून आणीन, समस्त बापे. पाटीवर काय लिहू, समस्त बाया?”

“हो,” आई म्हणाली, “तेच लिहा.”

ते मनापासून हसले. वाईट माणूस नाही तो, असं सगळे म्हणतात. वर म्हणाले, “अन् मडकं आबारावांनीच ठेवलं व्हतं ना? खोटं हाय का?”

खोटं नाही. मडकं त्यांच्याच गड्याने ठेवलं, ताक त्यांच्याच म्हशीचं होतं. ठेवायला कुणी लावलं, एवढाच भाग गळला आहे. बायांचा इतिहास पुसायला रबर लागत नाही. वाक्याचा कर्ता बदलला की भागतं.

परवाच्या पंधरा ऑगस्टला त्या पाटीचं अनावरण झालं. झेंडावंदन झालं, मग सगळे थांब्यावर आले. सरपंचबाईंनी दोरी धरली, यजमान मागून “ओढा, ओढा” म्हणाले, त्यांनी ओढली. मग शाळेतल्या निबंधस्पर्धेत पहिली आलेली मुलगी निबंध वाचायला उभी राहिली. विषय होता ‘आमच्या गावाची ताकाची परंपरा’. दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश, आवाज अगदी मोकळा. “एके दिवशी आबारावांना भगिनींचे हाल बघवले नाहीत. त्यांचे अंतःकरण द्रवले.” एकदाही न अडखळता तिने सगळं वाचलं. तिचं नाव प्रतीक्षा. कासामावशीची सख्खी नात.

कासामावशी पहिल्या रांगेत बसली होती. भगिनींचा सत्कार म्हणून तिच्याही मांडीवर एक ब्लाउजपीस आणि नारळ होता. निबंध संपला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही तिच्या चालूच होत्या.

कार्यक्रमानंतर आम्ही तिच्या घरी गेलो. मी अंगणातच पेटले. “मावशी, टाळ्या कशाला वाजवल्या? खोटं होतं ना ते?”

“खोटं व्हतं,” मावशी चपला काढत म्हणाली. “पन पोरगी कशी खणखणीत बोलली!”

“तिला सांगितलं नाहीस कधी?”

“इचार तिलाच.”

प्रतीक्षा बक्षिसाची कंपासपेटी उघडून बघत होती. मान वर न करता म्हणाली, “सांगितलं व्हतं आजीनं. मी सरांना विचारलं. सर म्हणले, कुठं लिहिलेलं हाय का? न्हाई लिहिलेलं तर मार्क न्हाईत.”

तिच्यावर मला रागावता आलं नाही. सरांवर आलं असतं, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्याच पत्रकाच्या तळाशी उत्तराविना पडलेला आहे. मला नंतर बसमध्ये सुचलं ते हे, की मिरचीची आग व्रण ठेवत नाही. लाठीचा वळ दिसतो, गोळीची खूण दिसते, त्यांची स्मारकं होतात. बायांचं सोसणं बहुतेक असं असतं की सकाळी हातावर काही दिसत नाही. आणि बायांचं लढणंही तसंच : दगड न फेकता हात दाखवणं. त्याचा पंचनामा कोण करणार?

तुम्ही म्हणाल, पाटीवर कुणाचं का नाव असेना, ताक तर मिळतंय. मिळत नाही. मी यंदा शेतांवरून फिरून आले. पहिल्या तोड्याला मडकं ठेवतात, त्याला हार घालतात, बायांना भोवती उभं करून फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी मडकं घरी. आता लांबून आलेल्या टोळ्या असतात. त्यातल्या एका पोरीने ताक मागितलं तर शेतवाला म्हणाला, “ती आबारावांची परंपरा व्हती. तसे दिलदार लोक आता कुठं राह्यले?” पोरगी परत सरीत वाकली. दिलदारी संपली तर काय मागणार? मिळवलेली गोष्ट मागता येते, नाही दिली तर धुऱ्यावर बसता येतं. दिलेल्या गोष्टीला फक्त हात जोडता येतात. ती पोरगी त्या रात्री जळत्या हातांनी झोपली असेल, आणि त्याला ती सोनेरी अक्षरं जबाबदार आहेत. म्हणून मला पाटी पाहिजे. कासामावशीच्या मानपानासाठी नव्हे. तिला मानपान देऊन झालाय, ब्लाउजपीस आणि नारळ.

अनावरणाच्या त्या दिवशी कासामावशीच्या घरून निघताना मी तिला विचारलं, “मावशी, मी हे सगळं लिहिणार आहे. तुझं नाव टाकू?”

आईने माझ्याकडे बघितलं. कासामावशी बोटं चोळत राहिली. ती आता मिरचीला जात नाही. बोटं वळत नाहीत. दम्याने चार पावलांवर थांबते.

“टाक,” ती म्हणाली. “आता मला कोन कामावर बोलावून राह्यलंय?”

मग स्वतःच म्हणाली, “नवऱ्याचं नाव नको लावू. तो कुठं व्हता संपात? तो तर म्हणू राह्यला व्हता, जा गप कामावर. नुसतं कासाबाई लिही.”

शमीमखाला आता जालन्याला मुलाकडे असते. तिला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, “मेरा डाल, बेटी, बिलकुल डाल. छोटे का मत डाल, उसकू शरम आती.” डोळे सुजलेलं ते लेकरू आता बाप्या माणूस झालं आहे, त्याला आपल्या आईच्या संपाची लाज वाटते. हेही मी लिहून ठेवते. त्याचं नाव सोडून.

प्रतीक्षा दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिलेलं छापून येईल ना? मंग मला एक द्या. सरांना दाखवते.”

म्हणून हे छापलं आहे, आणि म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हा हंगाम संपायच्या आत तुमच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसा. तिने काय सोसलं ते विचारू नका, ते सगळेच विचारतात. तिने काय थांबवलं, काय सुरू केलं, ते विचारा. नाव लिहिण्याआधी तिची परवानगी घ्या, कारण नावाची किंमत तिने तुमच्यापेक्षा जास्त वेळा मोजली आहे. ती हो म्हणाली तर लिहा, आणि पुढच्या ग्रामसभेत तिच्या समोर, खणखणीत आवाजात वाचा.

आणि रस्त्याने जाताना मिरचीत वाकलेल्या बाया दिसल्या तर गाडी थांबवा. धुऱ्यावर मडकं आहे का बघा. नसेल तर मालकाला ताक मागा. तो आबारावांचं नाव घेईल. त्याला सांगा, हे कासाबाईने मिळवलेलं आहे, आणि मडकं भरेपर्यंत तिथून हलू नका.